मुंबईतला नाताळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की हे प्रश्न येऊ लागतात. काही शेजाऱ्यांचे असतात, काही शाळेच्या प्रकल्पासाठी धडपडणाऱ्या पालकांचे, तर काही पहिल्यांदाच चर्चमध्ये जायचं ठरवलेल्यांचे. नव्याने घर मांडलेल्या ख्रिस्ती जोडप्यांनाही आईच्या हातचे कुलकुल (नाताळचा तळलेला गोड पदार्थ) आता स्वतः करायचे असतात. उत्तरं मुंबई आणि वसईची पद्धत डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत.

येशूचा जन्म खरंच २५ डिसेंबरला झाला का?

बायबलमध्ये तारीख दिलेली नाही. चार शुभवर्तमानांपैकी मत्तय आणि लूक या दोनांतच जन्मकथा येते, आणि दोघांचे तपशील वेगळे आहेत. गव्हाण आणि मेंढपाळ लूकमध्ये आहेत, तारा आणि पूर्वेकडचे मागी (ज्ञानी पुरुष) मत्तयमध्ये. मागी तीन होते असंही मत्तय म्हणत नाही. त्यांनी आणलेल्या भेटी तीन, सोनं, ऊद आणि गंधरस, त्यावरून पुढे माणसंही तीन ठरली.

२५ डिसेंबरची जुनी नोंद रोममध्ये इ.स. ३५४ मध्ये तयार झालेल्या एका दिनदर्शिकेत सापडते. ही तारीख कशी ठरली याची दोन स्पष्टीकरणं दिली जातात. एक, सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये 'अजिंक्य सूर्या'ची उपासना राजाश्रयाने सुरू केली आणि ख्रिस्ती लोकांनी सूर्याचा दिवस आपलासा केला. दुसरं, मरियेला गर्भधारणा २५ मार्चला झाली असं जुने ख्रिस्ती लेखक मानत, तिथून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. समाजमाध्यमांवर दरवर्षी पहिलंच स्पष्टीकरण फिरतं. पण सूर्याच्या २५ डिसेंबरच्या सणाची सर्वात जुनी स्पष्ट नोंदही त्याच ३५४ च्या दिनदर्शिकेत आहे, त्यामुळे कोणी कोणाचं घेतलं हे छातीठोकपणे सांगता येत नाही. मुलांच्या प्रकल्पात दोन्ही बाजू लिहाव्यात.

मग काही ख्रिस्ती लोक ७ जानेवारीला नाताळ का करतात?

रशियासारख्या देशांतलं ऑर्थोडॉक्स चर्च सणांसाठी जुनी ज्युलियन कालगणना वापरतं. ती सध्या १३ दिवस मागे आहे, म्हणून त्यांचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला पडतो. आर्मेनियन चर्च ६ जानेवारीला जन्म आणि बाप्तिस्मा एकत्र साजरे करतं. मुंबईत कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि केरळचे सिरियन ख्रिस्ती असे जवळजवळ सगळेच २५ डिसेंबर पाळतात.

मुंबईत नाताळ इंग्रजांनी आणला ना?

हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि सोळाव्या शतकातच वसई, साष्टी आणि मुंबई बेटांवरच्या कोळी, भंडारी, कुणबी, सामवेदी अशा अनेक समाजांतली माणसं ख्रिस्ती झाली. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज चर्च १५७५ चं. फोर्टातलं इंग्रजांचं सेंट थॉमस उपासनेसाठी उघडलं ते १७१८ च्या नाताळच्या दिवशी, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांनी. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, पण हा समाज आपल्या जमिनी, बोली आणि सण घेऊन तिथेच राहिला. 'ईस्ट इंडियन' हे त्याचं नाव १८८७ पासूनचं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षातलं. नावावरून परका वाटला तरी हा मुंबईच्या गावठाणांतला मराठी बोलणारा मूळ समाज आहे. माझगावची माथारपाखाडी, गिरगावातली खोताची वाडी, वांद्र्याचं रनवार, पलीकडे गोराई, मनोरी आणि उत्तन ही त्याची गावं.

मराठीतून ख्रिस्तजन्माची कथाही तितकीच जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. प्रोटेस्टंट बाजूला अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झालं, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं आजही मराठी उपासनेत गायली जातात. तेव्हा नाताळ हा मराठी माणसाचाही सण आहे, हे आम्ही अगदी ठासून सांगतो.

नाताळ एका दिवसाचा की जास्त दिवसांचा?

तयारीचा काळ म्हणजे आगमनकाळ. तो नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान सुरू होतो. या दिवसांत वेदीवर जांभळा रंग असतो. हिरव्या चक्रात चार मेणबत्त्या लावून दर रविवारी एकेक वाढवत पेटवतात. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, आणि गुलाबी ही तिसऱ्या रविवारची. चक्राची ही पद्धत हॅम्बुर्गमध्ये १८३९ मध्ये योहान विखेर्न यांनी अनाथ मुलांसाठी सुरू केली. मूळ प्रोटेस्टंट असलेली ही प्रथा आता कॅथलिक चर्चमध्येही सर्रास दिसते.

२५ डिसेंबरला नाताळचा काळ संपत नाही, सुरू होतो. ६ जानेवारी हा मागी राजांच्या भेटीचा, प्रकटीकरणाचा सण. भारतात कॅथलिक चर्च तो जवळच्या रविवारी घेतं. त्यानंतर येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला हा काळ संपतो. मॉलमधली सजावट २६ तारखेला उतरली म्हणून घरची उतरवायचं कारण नाही.

मध्यरात्रीची मिस्सा मुंबईत मध्यरात्री का नसते?

मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. ठरावीक दिवसांना राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, पण कोणते दिवस ते दरवर्षी ठरतं. आपल्याकडे गर्दी चर्चच्या इमारतीत मावत नाही, मिस्सा मैदानात होते, म्हणून बऱ्याच धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या हद्दीत) ती संध्याकाळी ७ ते ९ च्या सुमाराला सुरू करून १० च्या आत संपवतात. काही ठिकाणी इंग्रजी, कोकणी आणि मराठी मिस्सा वेगवेगळ्या वेळी असतात. चर्चच्या फलकावर आणि पत्रिकेत त्या वर्षीच्या वेळा येतात. गेल्या वर्षीच्या वेळेवर विसंबून राहू नका.

आम्ही ख्रिस्ती नाही. मिस्सेला आलो तर चालेल का?

अवश्य या. अर्धा तास आधी या, कारण नाताळगीतं तेव्हाच सुरू होतात आणि खुर्च्याही तेव्हाच मिळतात. मिस्सा साधारण तास-सव्वा तास चालते. लोक उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकले नाहीत तरी कोणी काही म्हणत नाही.

चूक होते ती एकाच ठिकाणी. शेवटाकडे लोक रांगेने पुढे जाऊन ख्रिस्तप्रसाद घेतात. तो देवळातल्या प्रसादासारखा सर्वांना वाटायचा नसतो. बाप्तिस्मा होऊन तयारी केलेल्या कॅथलिकांसाठीच तो असतो, त्यामुळे त्या वेळी जागेवर बसून राहा. चुकून हातात आलाच तर खिशात टाकू नका, लगेच परत द्या. मिस्सा झाल्यावर बाळ येशूच्या मूर्तीला वंदन करायला रांग लागते, तिथे मात्र कोणीही जावं. फोटो काढायचे तर मिस्सेनंतर आणि गोठ्याचे, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचे काढा, प्रार्थना करणाऱ्यांचे नको.

गोठा बनवायची प्रथा कुठून आली?

असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी गवताची गव्हाण मांडली, खरा बैल आणि खरं गाढव आणलं आणि तिथे मिस्सा करवून घेतली. ज्यांना लॅटिन वाचता येत नव्हतं त्यांना बेथलेहेमची गरिबी डोळ्यांनी दिसावी हा हेतू. बैल आणि गाढव शुभवर्तमानात नाहीत. यशया संदेष्ट्याच्या एका वचनावरून ते चित्रांत आले.

घरचा गोठा कसा मांडावा?

आधी मूर्ती पाहा, मग गोठा बांधा. बहुतेक जण उलट करतात आणि योसेफचं डोकं छपराला लागतं. सर्वात उंच उभ्या मूर्तीच्या दीडपट दाराची उंची ठेवा. मूर्ती २० सेंटिमीटरची असेल तर दार ३० चं. मूर्ती वेगवेगळ्या दुकानांतून घेतल्या तर मेंढी उंटाएवढी होते, म्हणून संच एकत्रच घ्यावा. क्रॉफर्ड मार्केट, वांद्र्याचं हिल रोड आणि माहीम चर्चचा परिसर इथे नोव्हेंबरअखेर संच मिळतात.

भिंतींना पुठ्ठा, वर गोणपाट, छपराला पेंढा. डोंगरासाठी सिमेंटच्या गोणीचा खाकी कागद चुरगाळून मैद्याच्या खळीत बुडवावा आणि उलट्या डब्यांवर पसरून दोन दिवस वाळू द्यावा. वाळला की कडक होतो. रंग तपकिरी आणि राखाडी असे दोनच, आणि उंचवट्यांवर कोरड्या कुंचल्याने थोडा पांढरा. बेथलेहेमला कापसाचा बर्फ पसरायची हौस अनेकांना असते, पण हिरवळ अधिक शोभते.

त्या हिरवळीसाठी धान्य पेरायचं, नवरात्रात घटाला पेरतात तसंच. नाचणी १२ डिसेंबरच्या सुमाराला, गहू १५ च्या सुमाराला. धान्य रात्रभर भिजवून पसरट ताटलीत बोटभर माती किंवा कोकोपीटवर दाट पसरा, वर मातीचा पातळ थर द्या. पहिले दोन दिवस ओल्या कापडाने झाका, मग उजेडात ठेवा. गहू आठवड्याभरात वीतभर होतो, नाचणी बारीक आणि नाजूक राहते, म्हणून लहान मूर्तींपुढे नाचणीच घ्यावी. कोंब पिवळे पडले तर उजेड कमी पडतोय. मुळाशी पांढरी बुरशी आली तर पाणी जास्त झालंय, शिंपडण्याऐवजी तुम्ही ओतताय. राष्ट्रीय उद्यानातून शेवाळ किंवा फांद्या आणू नका, त्याला मनाई आहे.

विजेच्या माळेचा ॲडॉप्टर पेंढ्यापासून लांब, गोठ्याबाहेर ठेवा. मेणबत्ती गोठ्याच्या आत कधीही लावू नका. कोरडा पेंढा आणि पुठ्ठा पेटायला काही क्षण पुरतात.

बाळ येशूची मूर्ती २४ तारखेच्या मिस्सेनंतरच गव्हाणीत ठेवतात, तोवर गव्हाण रिकामी. मागी राजे सुरुवातीला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रोज थोडे पुढे सरकवावेत आणि ६ जानेवारीला पोहोचवावेत. मुलांना गोष्ट कळते ती अशी.

घरी बांबूचा तारा कसा करायचा?

आकाशकंदील करणाऱ्या हातांना हे जड नाही. सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्या. ६० सेंटिमीटरची कामटी असेल तर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण करा. पाच कामट्या एकमेकींवरून खालून विणत पाचकोनी तारा जुळवा. कामट्या एकमेकींना या खुणांवरच छेदल्या पाहिजेत. खुणा न करता अंदाजाने बांधला की एक पाय लांब आणि एक आखूड होतो, बाजारातल्या स्वस्त ताऱ्यांत हे हमखास दिसतं.

असे दोन तारे करून एकावर एक ठेवा आणि फक्त पाच टोकं सुती दोऱ्याने घट्ट बांधा. मग आतल्या पाच छेदांवर दोन ताऱ्यांच्या मध्ये १२ ते १५ सेंटिमीटरच्या काड्या उभ्या अडकवा, म्हणजे तारा फुगतो. काडी याहून लांब घेतली तर टोकाचा दोरा तुटतो. पतंगाचा कागद खळीने चिकटवा, कारण फेव्हिकॉल पातळ कागदावर डाग सोडतो. एका पायाचा कागद एका बाजूने मोकळा ठेवा, दिवा तिथून आत जाईल. ५ ते ७ वॅटचा एलईडी पुरे. जुना ६० वॅटचा बल्ब लावला तर कागद करपतो. मुंबईत डिसेंबरात पाऊस नसला तरी पहाटेच्या दवाने कागद सैल पडतो. गॅलरीत उघड्यावर लावायचा असेल तर जिलेटिन कागद घ्या. दिसायला पतंगाचा कागद सुंदर, टिकायला जिलेटिन.

ख्रिसमस ट्री आणि सांताक्लॉज ख्रिस्ती आहेत का?

झाडाची प्रथा जर्मन भाषिक प्रदेशातली, सोळाव्या शतकापासूनची. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र १८४८ मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलं आणि मग ती इंग्रजांत पसरली. मुंबईत सुरूचं झाड घेतात किंवा प्लास्टिकचं. कुंडीतलं अरौकेरिया घेतलंत तर वर्षभर टिकतं, फक्त रोज उजेडात ठेवा.

सांताचं मूळ चौथ्या शतकातले मायराचे बिशप संत निकोलस. मायरा आजच्या तुर्कस्तानात आहे, त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो. घरात जागा थोडी असेल तर झाड नसलं तरी चालेल, गोठा हवा.

कुलकुल कुरकुरीत का होत नाहीत?

प्रमाण असं: मैदा अर्धा किलो, बारीक रवा १०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, चिमूटभर मीठ, अंडं एक, कडकडीत तुपाचं मोहन दोन मोठे चमचे आणि लागेल तसं नारळाचं दाट दूध, साधारण २०० मिलिलिटर. दूध एकदम ओतू नका. पीठ पुरीपेक्षा किंचित मऊ, हाताला न चिकटणारं हवं. ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा, रवा फुलतो.

सुपारीएवढी गोळी तेल लावलेल्या नव्या कंगव्यावर किंवा काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून पातळ पसरा, मग एका कडेने गुंडाळत आणा. शेवटची कड चिमटीने दाबून बंद करा. ती राहिली तर तेलात कुलकुल उलगडतो. आच मध्यमाहून मंद ठेवा आणि घाण्यात कढईच्या तळाएवढेच सोडा. तेल फार तापलं तर बाहेरून लाल आणि आत कच्चे राहतात, दुसऱ्या दिवशी मऊ पडतात ते यामुळेच. साखरेत घोळवायचे असतील तर पूर्ण गार झाल्यावर एकतारीपुढचा, दोनतारी पाक करून त्यात हलवा, पाक पांढरा होऊन सुटा होईस्तोवर. डबा बंद करण्याआधी रात्रभर परातीत पसरून ठेवा.

प्लम केकमधला सुकामेवा तळाशी का बसतो?

मेवा ओला राहिला किंवा मिश्रण पातळ झालं म्हणून. भिजवलेला मेवा चाळणीत अर्धा तास निथळवा आणि दोन चमचे मैद्यात घोळवा. एका किलोच्या आसपासच्या केकला मैदा, लोणी आणि ब्राऊन शुगर प्रत्येकी २०० ग्रॅम, अंडी चार, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, भिजवलेला मेवा ३५० ग्रॅम, दालचिनी-जायफळ-लवंगेची पूड एक छोटा चमचा. काळसर रंगासाठी १०० ग्रॅम साखर गडद तपकिरी होईपर्यंत जाळून त्यात पाऊण वाटी गरम पाणी जपून घाला, वाफ जोरात उसळते. गार झाल्यावर तीन-चार चमचेच वापरा. भट्टी १५० ते १६० अंश, वेळ सव्वा ते दीड तास. वरून फुगून फुटला तर भट्टी जास्त तापली होती.

मेवा रममध्ये महिनाभर राहतो. रम नको असेल तर संत्र्याच्या रसात भिजवा, पण फ्रीजमध्ये आणि एक-दोन दिवसच. रस बाहेर आठवडाभर ठेवला तर आंबतो आणि बाटलीचं झाकण उडतं.

ईस्ट इंडियन घरात नाताळच्या जेवणात काय असतं?

पोर्कचं इंद्याल आणि सोरपोतेल हे व्हिनेगर घातलेले रस्से, मोइल हा मांसाचा पदार्थ, आणि त्यांच्याबरोबर फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव. इंद्याल आणि सोरपोतेल दोन-तीन दिवस आधी करतात, व्हिनेगर मुरला की चव वाढते. रोज एकदा उकळी आणून गार करायचं. घरोघरच्या बाटली मसाल्यात वीसहून अधिक जिन्नस असतात आणि तो एप्रिल-मेच्या उन्हात वाळवून भाजतात, म्हणजे डिसेंबरच्या जेवणाची तयारी उन्हाळ्यातच होते.

फुग्यांसाठी मैदा अर्धा किलो, अंडी दोन, साखर एक मोठा चमचा, मीठ, इन्स्टंट यीस्ट एक छोटा चमचा आणि कोमट नारळाचं दूध सुमारे ३५० मिलिलिटर. जुन्या घरांत यीस्टऐवजी ताडी. मिश्रण हाताने दहा मिनिटं फेटा आणि दोन तास फुगू द्या. डाव्या मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनीमधून बाहेर ढकला, लिंबाएवढा गोळा ओल्या बोटांनी तोडून तेलात सोडा. तेल खोल हवं, फुगा स्वतःहून उलटतो. चपटे झाले तर पीठ पातळ आहे, तेलकट झाले तर तेल गार आहे.

ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे जाताना काय न्यावं?

२५ तारखेला सकाळी लोक मिस्सेला गेलेले असतात आणि दुपारी जेवणावळी असतात, म्हणून ११ ते १ किंवा संध्याकाळी जावं. मिठाई, फळं, फुलं काहीही चालतं. तुमच्या घरी आलेलं नाताळचं ताट रिकामं परत पाठवू नका, एवढं तर दिवाळीच्या फराळामुळे सर्वांना ठाऊक आहेच. शाकाहारी असाल तर आधी सांगा. केक, मिल्क क्रीम, मार्झिपान, पेरूचं चीज यांतल्या पहिल्यात अंडं असतं, मार्झिपानमध्येही अनेक घरी अंड्याचा पांढरा भाग घालतात.

३१ डिसेंबरला 'ओल्ड मॅन' का जाळतात?

जुन्या कपड्यांत पेंढा आणि कागद भरून म्हातारा करतात, मुलं त्याच्या नावाने वर्गणी मागतात आणि मध्यरात्री सरलेलं वर्ष म्हणून जाळतात. हा धार्मिक विधी नाही. वांद्र्याच्या गल्ल्यांत तो विशेष दिसतो. आत फटाके, प्लास्टिक किंवा थर्माकोल भरू नये, उभा करताना वरच्या विजेच्या तारा आणि शेजारच्या गाड्या पाहाव्यात आणि पाण्याच्या दोन बादल्या हाताशी असाव्यात.

गोठा कधी उतरवायचा आणि मूर्ती कशा ठेवायच्या?

प्रकटीकरणाच्या रविवारनंतर किंवा येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतर. हिरवळ कुंडीत टाका, पेंढा ओल्या कचऱ्यात. प्लास्टरच्या मूर्ती कोरड्या कुंचल्याने झटकायच्या, ओल्या फडक्याने पुसल्या तर रंग निघतो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, पावसाळ्यात आत ओल धरून रंगाला पापुद्रे सुटतात. सुती कापडात एकेक गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, बाळ येशू वेगळ्या डबीत आणि डबीवर नाव लिहून, नाहीतर सर्वात लहान मूर्ती हीच हरवते. तुटलेली आशीर्वादित मूर्ती कचऱ्यात टाकत नाहीत, झाडाखाली पुरतात किंवा चर्चमध्ये नेऊन देतात.